आठ दिवसांसाठी आणलेली शेगडी

ताई, तू पेटवलेली ज्योत कधीही विझणार नाही.

हे वाक्य माझं नाही. गेल्या रविवारी पेणला तुझी शोकसभा झाली तिच्यात अध्यक्षांनी ते म्हटलं. डोळे मिटून म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर थोडं थांबले. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे मागे बसलेल्या दोघातिघांच्या जरा उशिरा लक्षात आलं. मी पुढच्या खुर्चीवर मान खाली घालून बसलो होतो, कारण मला हसू येत होतं. या गृहस्थांनी तुला टपाल कचेरीच्या जाळीमागे पाहिलं असेल, स्वयंपाकघरात नक्की पाहिलेलं नव्हतं. तू आयुष्यात एकही ज्योत गरजेपेक्षा जास्त वेळ पेटू दिली नाहीस. डाळ शिजत आली की गॅस बंद, वर झाकण, आणि 'आता ती आपली आपण शिजेल' हा निकाल. समईतसुद्धा तू तेल इतकं बेताचं घालायचीस की आरती लांबली तर ती विचारात पडायची.

तुझा जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती हे सगळं तिथे वाचून दाखवलं. दोन ठिकाणी चुकीचं होतं. मी दुरुस्त केलं नाही. तू असतीस तर केलं असतंस, वर अध्यक्षांना पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं असतंस. तेव्हा त्यातलं काही मी इथे लिहीत नाही. मला शेगडीबद्दल बोलायचं आहे. आपला वाद अर्धा राहिलाय आणि तू मध्येच उठून गेलीस. ही तुझी सवय जुनीच.

वाद सुरू कुठून झाला ते तुला आठवत असेल. तुझ्या मते तो मी आणलेल्या रंगीत पुस्तिकेपासून सुरू झाला. माझ्या मते तू पेणच्या घरात मोरीपाशी घसरून पडलीस आणि शेजारच्या कुसुमवहिनी वाटीभर साखर मागायला येईपर्यंत तशीच पडून राहिलीस, तिथून. मी रोह्याजवळच्या धाटावहून कंपनीची शिफ्ट अर्धी टाकून आलो तेव्हा तू खाटेवर बसून डॉक्टरला त्याच्या औषधाचे तोटे सांगत होतीस. हाड मोडलं नव्हतं. पण त्या वयात एकटीनं राहायचं हे काही मला पटेना.

"आता रोह्याला चल," मी म्हटलं.

"येईन की. आठ दिवस."

"आठ दिवस नाही. राहायला चल. नवीन घर होतंय, स्वयंपाकघर मोठं आहे."

"मोठं हाय म्हणून येऊ? मला काय त्यात धावायचं हाय?"

आपलं घर तेव्हा नुकतं वर येत होतं. भिंतींना गिलावा व्हायचा होता आणि ओट्याचा कडप्पा बसायचा होता. त्याआधी आम्ही ज्या भाड्याच्या घरात राहत होतो तिथे तू दिवाळीत यायचीस, आणि मी एक गोष्ट बघून ठेवली होती. तू उंचीनं बेताची. ओटा होता माझ्या बायकोच्या, माधवीच्या मापाचा, तिच्या माहेरची सगळी माणसं ताडासारखी. त्या ओट्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं, आणि पातेल्याच्या काठापाशी तुझी हनुवटी. आत काय चाललंय ते तुला दिसायचं नाही. डाळ कितपत आली हे तू आवाजावरून ओळखायचीस आणि मधूनमधून टाचा उंचावून खात्री करून घ्यायचीस. कुणाला ते कळू नये म्हणून त्याच वेळी फळीवरचा मिठाचा डबा काढल्यासारखं करायचीस. मीठ मात्र दर वेळी पडायचं नाही, एवढं बरं होतं.

म्हणून पुढच्या खेपेला माधवीसह पेणला आलो तेव्हा मी ती पुस्तिका आणली. मुंबईला एका प्रदर्शनात मिळाली होती. तिच्यात शेगडी ओट्यावर ठेवलेली नव्हती. कडप्प्यात चौकोनी भोक पाडून आत बसवलेली होती, वर फक्त तिची काळी पाठ आणि बर्नर. म्हणजे पातेलं चांगलं वीतभर खाली येणार. मी हिशेब केला होता, तुझी हनुवटी काठाच्या वर येत होती. हे तुला तेव्हाच सांगितलं असतं तर कदाचित पुढचं काही झालं नसतं. पण एखाद्या स्वाभिमानी बाईला 'तू बुटकी आहेस म्हणून' अशी सुरुवात कशी करायची ते मला सुचेना. मग मी उष्णतेचा अपव्यय, ज्वालेची कार्यक्षमता, पुसायला सोपा पृष्ठभाग असं बोलत राहिलो. जन्मभर प्रयोगशाळेत बर्नरसमोर बसलेल्या माणसाला तेवढं बोलता येतंच.

"ह्याला काय म्हणतात?" तू चष्मा पुसून विचारलंस.

"हॉब."

"आणि ही ओट्यात पुरायची?"

"बसवायची."

"चित्रात तर पुरलेली दिसते. का रे, मेली काय ती?"

माधवी पदर तोंडाला लावून आत गेली. ती तुझी भावजय, तुला वन्सं म्हणून अहोजाहो करणारी, पण वाद झाला की कुठल्या बाजूला जाईल सांगता येत नसे. त्या दिवशी ती आत जाऊन हसली म्हणजे तुझ्या बाजूला गेली होती.

मग तू तुझं तत्त्व सांगितलंस. मी आयुष्यात बरीच पुस्तकं वाचली, तत्त्वज्ञानाचीही, पण इतक्या ठामपणे मांडलेलं तत्त्व क्वचित वाचलं. शेगडी उचलता आली पाहिजे. खालचं पुसायला उचलता आली पाहिजे, गणपतीत मोदकांचं मोठं पात्र ठेवायचं तर जमिनीवर घेता आली पाहिजे, बिघडली तर काखेत मारून दुरुस्तीवाल्याकडे नेता आली पाहिजे. "पुरलेली बिघडली तर काय ओटा उचलून नेशील? तुझ्या त्या रोह्यात आहे कोण हिला हात लावणारा?" आणि शेवटी, जणू सहज, "जी शेगडी मला उचलून नेता येत नाय ती माझी नाय. आणि जिथं माझी शेगडी नाय तिथं मी पाहुणी."

मी त्यातलं फक्त 'पाहुणी' ऐकलं. मला वाटलं, ही येणार नाही, आणि आली तर परत जाण्याची सोय हातात ठेवून येणार. म्हणजे आता भांडण हॉबवरून राहिलं नव्हतं. तू आमच्याकडे राहायला येणार की नुसती येऊन जाणार, हे त्या शेगडीवर ठरणार होतं. निदान मी तसं धरून चाललो.

शेवटी तूच म्हणालीस, "कागदावर बघून कुणी शेगडी घेतं काय? बाजारात चल. बघू."

पेणच्या बाजारातली ती दुपार आठवली की मला अजून बरं वाटतं. तू भांडी घेऊन निघालीस. मला आधी कळेना, कल्हई लावायची आहे की काय. पिशवीत भाकरीचं खापर होतं, तांदळाच्या भाकरीचा तो मातीचा खोलगट तवा, फडक्यात गुंडाळून. चहाचं एका माणसाचं पातेलं होतं. आणि मोदकपात्र माझ्या हातात, कारण ते पिशवीत मावत नव्हतं. मी ते छातीशी धरून बाजारातून चाललो आणि ओळखीची माणसं विचारत होती, "काय, गणपती एवढ्यात?"

"मुलगी बघायला जाताना पत्रिका नेतात ना, तसं," तू मला समजावलंस. "शेगडीला भांडी दाखवावी लागतात. जुळलं पाहिजे."

दुकानदारानं आधी चांगली चार शेगड्यांची आरास मांडली. काचेची एक होती, नुकतीच आलेली, तिच्यावर त्याचा भारी जीव.

"बघा ताई, काच. एकदम आरसा. ह्यात तोंड दिसेल."

"तोंड बघायला आरसा हाय घरात. पातेलं ठेवा."

त्यानं पातेलं ठेवलं. चार दांड्यांवर ते तुझ्या अपेक्षेप्रमाणे कलंडलं.

"हे छोटं आहे हो. एवढ्यात चहा कोण करतं?"

"मी करते. एकटीचा चहा. तो पडला तर शेगडी कशाला म्हणायची, उंदराचा सापळा म्हणा."

माधवीनं काचेवरून बोट फिरवलं. तिला ती आवडली होती. "वन्सं, पुसायला किती सोपी आहे बघा ना."

"आठ दिवसांत तडकेल. लिहून घे."

खापर तिसऱ्या शेगडीवर बसलं, डगमगलं नाही. मोदकपात्र दुसऱ्या बर्नरवर ठेवलं तेव्हा दोघांची खांदाखांदी झाली. "बघा, जागा नाय. दोन बायका शेजारी उभ्या राहून भांडल्यासारखं होतंय," तू म्हणालीस. मग तू ती उलटी केलीस. सगळं दुकान बघत होतं. बर्नर पितळी आहे का, नळी कुठून जाते, खालचा पत्रा किती जाड, बटण फिरवताना हात ज्वालेच्या वर येतो की बाजूला. आणि मग विचारलंस, "पेटवून दाखवा."

"इथं सिलिंडर नाही ठेवत ताई. घरी जाऊन पेटवा, गॅरंटी आहे."

"मला मोठी नाय बघायची. मोठी आग कुणालाही जमते. बारीक करून किती वेळ टिकते ते बघायचं हाय. कुणी दार उघडलं नि वारा आला तर विझते का ते बघायचं हाय."

"ते कसं दाखवणार?"

"तेच म्हणते. मग काय बघून घेऊ?"

आपण काहीही न घेता बाहेर पडलो. दुकानदार मला हळूच म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी एकटे या." तू पायरी उतरत म्हणालीस, "ऐकलं हो मी."

घरी आल्यावर तू आपल्या जुन्या शेगडीवर चहा ठेवलास. स्टीलची, दोन बर्नरची, एक पाय किंचित आखूड म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी घातलेली. ती इतकी बारीक होत असे की पेटली आहे की नाही हे बघायला वाकावं लागायचं. दार सताड उघडं होतं, वारा येत होता, ती विझली नाही. "ही हाय ना," तू म्हणालीस. "मी आले तर हिला घेऊन येईन." म्हणजे दुकानात जाण्याआधीच निकाल लागलेला होता. भांडी बाजारात फिरवून आणली ती बहुतेक त्यांना हवापालट म्हणून.

यानंतर मी जे केलं ते तुझ्या आवडीचं आहे, म्हणून पुन्हा सांगतो. मी तुला न विचारता हॉब मागवला. तो यायच्या आधी कडप्पा बसवणारे आले होते, त्यांना थांबवणं शक्य नव्हतं, म्हणून पुस्तिकेतलं माप बघून भोक पाडून घेतलं. फरशीवाला कामावर खूश होता. "साहेब, एकदम माप," तो म्हणाला. मीही म्हटलं, एकदम माप. हॉब आला, खोका उघडला, दोघांनी धरून तो भोकावर ठेवला आणि तो भोकातून थेट खालच्या कपाटात गेला. पुस्तिकेत दोन मापं होती. एक शेगडीच्या बाहेरच्या कडेचं, दुसरं भोकाचं. मी कडेचं माप भोकाला दिलं होतं. टेकायला काही उरलंच नव्हतं. प्रयोगशाळेत मी तराजूवर धुळीचा कण बसला तरी वजन पुन्हा घेतो. फरशीवाला म्हणाला, "माप तर एकदम बरोबर हाय," आणि ते खरं होतं.

त्यानंतर मी तुला न्यायला पेणला आलो. हॉबबद्दल बोललो नाही. तूही विचारलं नाहीस. तू तयार होऊन बसली होतीस, एक ट्रंक, एक पिशवी, आणि गोणपाटात गुंडाळून सुतळीनं बांधलेली ती शेगडी.

"हिला ट्रंकेवर ठेवू?"

"नको. खाली पडेल. मी घेते मांडीवर."

गाडीत समोर एक बाई येऊन बसल्या, कासू स्टेशनला उतरायच्या होत्या, मिठागरावर कामाला जाणाऱ्या. हातात रिकामी पाटी. त्यांनी गोणपाटातून बाहेर आलेली रबरी नळी पाहिली.

"काय गो बाय, मांडीवर काय घेतलंस, शेगडी?"

"व्हय."

"कुठं चाललीस?"

"रोह्याला. भावाकडं."

"रोह्याला शेगडी मिलत नाय?"

"मिळते. पण तिला माझी सवय नाय."

त्या हसल्या. "म्हंजे कायमची चाललीस."

तू खिडकीबाहेर पाहिलंस. बाहेर भाताची खाचरं होती, बघण्यासारखं काही नव्हतं. "आठ दिवस," तू म्हणालीस.

"आठ दिवसांना शेगडी?" त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे, आणि पुन्हा हसल्या. कासू आल्यावर उतरताना तुला म्हणाल्या, "ऱ्हा गो सुखानं." मला वाटलं, साधी बाई, काहीतरी बोलून गेली. मी तेव्हा एक जाड पुस्तक वाचत होतो. मनुष्यस्वभावाबद्दलच होतं.

रोह्याला आल्यावर तू आधी स्वयंपाकघरात गेलीस. ओट्यातलं भोक बघून थांबलीस. मी दारात उभा होतो. माधवी एकदम कणीक शोधायला लागली.

"हे काय?"

"हॉबची जागा."

"आणि हॉब?"

"माळ्यावर."

"मेला?"

"हो."

तू वाकून भोकातून खाली पाहिलंस. मग पिशवीतले कांदे काढलेस, माधवीची वेताची टोपली घेतलीस आणि ती त्या भोकात बसवलीस. टोपली काठावर टेकली, कारण टोपलीचं माप कुणी पुस्तिकेतून घेतलं नव्हतं. "खालून हवा लागते. कांद्याला बरं," तू म्हणालीस. "नंदू, ओटा करताना सुचलं तुला, हे चांगलं झालं." यातलं किती कौतुक आणि किती चिमटा, हे मी त्यानंतर दोन वर्षं शोधत राहिलो.

शेगडी तू भोकाच्या शेजारी मांडलीस. तिच्याखाली पुठ्ठ्याची नवी घडी आली. आणि मग, कुणाला काही न म्हणता, देवघरातला एक पाट आणून ओट्यासमोर जमिनीवर ठेवलास आणि त्यावर उभी राहिलीस. पातेल्यात डोकावलीस. सरळ, टाचा न उंचावता. इतका साधा उपाय होता. माझं सगळं भोक त्या पाटानं निकालात काढलं. भोक तुझ्या उंचीसाठी होतं हे तुला कधी कळलं का? मी सांगितलं नाही. तूही पाटावर उभी राहण्याचं कारण कधी सांगितलं नाहीस. एकदा पाटावरून माझ्याकडे बघून म्हणालीस, "इथून तुझं टक्कल दिसतं," एवढंच.

आठ दिवस झाले. मी म्हटलं, "राहा अजून." तू म्हणालीस, "बघू. अजून आठ दिवस." त्याची मग पद्धतच पडली. दर आठवड्याला कधीतरी जेवताना मी विचारायचं आणि तू मुदत वाढवून द्यायची, टपाल कचेरीत उभ्या माणसाला 'बसा' म्हणावं तशी. महिन्यातून एकदा तू सकाळच्या गाडीनं पेणला जायचीस, 'घर बघून येते' म्हणून, आणि संध्याकाळी पापड घेऊन परत यायचीस. मी म्हणायचो, "पाहुणी निघाली वाटतं घरी." तू म्हणायचीस, "हो. तिथं माझा वातीचा स्टो हाय. चहाचं अडत नाय." आणि मी मनात म्हणायचो, बघा, शेगडी इथे आणि स्टोव्ह तिथे. दोन्ही दरवाजे उघडे ठेवलेत बाईनं.

मध्ये आणखी एक घटना झाली तिचा उल्लेख करणं भाग आहे. आमच्याकडे गॅसचा एकच सिलिंडर होता. तो संपला की दुसरा येईपर्यंत हॉटप्लेट आणि शिव्या. दुसऱ्या सिलिंडरसाठी मी अर्ज केला होता, इतक्या वर्षांपूर्वी की तो करताना माझे केस काळे होते. आणि एक दिवस मी शिफ्ट करून घरी आलो तर ओट्याखाली दुसरा सिलिंडर उभा.

"आला?" मी ओरडलो.

"आला," माधवी म्हणाली.

"बघितलंस ताई? अर्जाचा पाठपुरावा करावा लागतो. मी मागच्या महिन्यातच त्यांना खरमरीत पत्र लिहिलं होतं."

"पत्राचं वजन असतं बाबा," तू म्हणालीस. पत्रांवर तुझा अधिकार होता, म्हणून मला ते खरं वाटलं. मी कंपनीत पेढे वाटले. घरीही आणले. तू दोन खाल्लेस, अगदी गंभीर चेहऱ्यानं.

मग या पावसाळ्यानंतरची ती दुपार. तू जेवण करून, गॅस बंद आहे ना हे दोनदा बघून, वर्तमानपत्र घेऊन पडलीस. माधवी चहाला उठवायला गेली. इतकंच. त्या दिवशी सकाळीच मी विचारलं होतं आणि तू आठ दिवसांची मुदत दिली होतीस. ती अजून संपायची होती.

शोकसभेनंतर आम्ही पेणचं घर उघडलं. कुसुमवहिनी सोबत होत्या. मला वाटत होतं, तुझं खरं घर बघायला आता जड जाईल. स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर जुन्या शेगडीच्या पायांचे चार डाग होते, आणि बाकी काही नव्हतं. डबे रिकामे, उपडे घातलेले. काडेपेटीसुद्धा नव्हती.

"वातीचा स्टोव्ह कुठे आहे?" मी विचारलं.

"स्टो?" कुसुमवहिनी म्हणाल्या. "तो मला दिलान ना, रोह्याला निघाली त्याच दिवशी. म्हणाली, तुला लागेल, मला काय करायचा हाय."

"मग ती इथे यायची तेव्हा चहा?"

"आमच्याकडं. चहा घ्यायची, पापड न्यायची, घराला दहा मिनटं झाडू मारायची. आणि म्हणायची, चल जाते, घरी वाट बघतील."

मी एक उपडा डबा सुलटा केला. त्या पुढे म्हणाल्या, "गॅस रोह्याला बदलायचा अर्ज तर त्याआधीच दिला होतान. मी म्हटलं, अगो वेडी हायस काय, मिळालेला गॅस कुणी सोडतं? उद्या परत यावंसं वाटलं तर? तर म्हणते, नाय वाटणार."

"कुठला गॅस?"

कुसुमवहिनींनी माधवीकडे पाहिलं. माधवी खिडकीचा कडी-कोयंडा फार बारकाईनं बघत होती.

ताई, आपल्या पिढीला गॅस किती वाट बघून मिळाला ते तू सांगायला नको आणि मी लिहायला नको. माणसं गाव सोडतात, नोकरी सोडतात, पण गॅसची जोडणी नावावर ठेवतात. ती ज्यानं हलवली तो परत यायचा नसतो, हे कुठल्याही गृहिणीला कळतं. कासूच्या त्या बाईंना तर नुसती नळी बघून कळलं. ओट्याखालचा दुसरा सिलिंडर तुझा होता. माझ्या खरमरीत पत्राचं उत्तर अजून यायचं आहे.

"तुला माहीत होतं," मी गाडीत माधवीला म्हटलं.

"मीच गेले होते त्यांच्याबरोबर."

"आणि मी पेढे वाटले."

"वन्संना फार आवडले ते. म्हणाल्या, ताजे आहेत."

"सांगितलं का नाहीस?"

"शपथ घातली होती त्यांनी." माधवीनं पदर सारखा केला. मग तुझ्या आवाजात, तू घालायचीस तशी ओठांची घडी घालून म्हणाली, "'नंदूला कळलं तर जिंकल्यासारखा हिंडेल. आणि मग विचारायचा थांबेल. दर आठवड्याला राहा म्हणतो ते कानाला बरं वाटतं. चालू दे.'"

कासू गेलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. भाताची खाचरंच होती.

तर वाद असा अर्धा राहिलाय. तुझं म्हणणं होतं, जिथं माझी शेगडी तिथं माझं घर. ते तू पहिल्या दिवशी मांडीवर घेऊन आलीस आणि मी दोन वर्षं तुला पाहुणी म्हणत राहिलो. म्हणजे मी जिंकलो होतो आणि मला ते कळू न देण्यात तू जिंकलीस. तरीही काही मुद्दे मी सोडणार नाही. शेजारच्यांनी पेणच्या त्याच दुकानातून काचेची शेगडी घेतली, ती अजून तडकलेली नाही. तू आठ दिवस म्हणाली होतीस. तुझे आठ दिवस एकूणच लांबायचे, हे मला आता कळतं.

आमचं बरं चाललंय. भाकऱ्या माधवी करते, तुझ्याच खापरावर, आणि त्या तुझ्यापेक्षा जाड होतात. मी खातो. भोकात कांदे आहेत. पाट ओट्यासमोर आहे तिथेच आहे. माधवीला त्याची गरज नाही, तिला रोज त्याची ठेच लागते, आणि ती रोज तो जागच्या जागी सरळ करून ठेवते. मी एकदा कुणी नसताना त्यावर उभा राहून बघितलं. तिथून स्वयंपाकघर चांगलं दिसतं. माधवी म्हणते, हॉब विकून टाका. मी म्हटलं, राहू दे अजून आठ दिवस.

अध्यक्षांनी त्यांचं भाषण छापून पाठवलंय. ज्योतीचं वाक्य जाड ठशात आहे. ते वाचत असताना बुधवारी सकाळी, चहाला उकळी फुटायच्या आत, तुझा सिलिंडर संपला. नंबर लावला आहे, तुझ्याच नावावर.